संस्थापक कोचिंग (गोव्याच्या संदर्भात)

संस्थापक कोचिंग : उद्योग उभारणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या वागण्यातले आणि सहकाऱ्यांच्या आपसांतल्या व्यवहारातले, वरवर न दिसणारे अडथळे ओळखून दूर करायला मदत करणारी, ठरावीक मुदतीची संवादपद्धती. सल्लागार उपाय सुचवतो, मेंटॉर आपला अनुभव सांगतो. कोच प्रश्न विचारतो, बैठकीत बसून पाहतो आणि जे दिसले ते संस्थापकासमोर मांडतो. तक्रार बहुधा ‘माणसे टिकत नाहीत’ किंवा ‘सगळे मलाच बघावे लागते’ अशा शब्दांत येते. मूळ दुखणे निराळे असते : हिस्से ठरवताना भागीदारांनी टाळलेले बोलणे, दिलेला अधिकार मध्येच काढून घेण्याची सवय, किंवा पहिल्या दिवसापासून सोबत असलेल्या पण आता काम झेपत नसलेल्या माणसाविषयीचा संकोच.

या पद्धतीचा उगम कोठे मानायचा, याविषयी मतभेद आहेत. प्रचलित मत क्रीडाक्षेत्राकडे बोट दाखवते. अमेरिकन टेनिस प्रशिक्षक टिमथी गॉलवे यांनी १९७४ मध्ये असा विचार मांडला की, खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी त्याच्या मनातच असतो. ब्रिटनमध्ये जॉन व्हिटमोर, ग्रॅहम अलेक्झांडर आणि अॅलन फाइन या कोचनी तो कंपन्यांमध्ये नेला आणि साधारणतः १९८० च्या दशकात ‘ग्रो’ हा ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय व निश्चय अशा चार पायऱ्यांचा आराखडा आकाराला आला. व्हिटमोर यांच्या १९९२ च्या पुस्तकामुळे तो त्यांच्या नावावर रूढ झाला असला, तरी अलेक्झांडर आणि फाइन यांनाही त्याचे श्रेय दिले जाते. तो तिघांच्या एकत्र कामातून घडला असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक राहिलेले आणि पुढे गूगलच्या वरिष्ठांचे मार्गदर्शक झालेले बिल कॅम्बेल (१९४०–२०१६) यांच्या ख्यातीमुळे क्रीडाउगमाची समजूत आणखी पक्की झाली.

दुसरे मत समूहाच्या मानसशास्त्राकडे जाते. १९४६ मध्ये मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी अमेरिकेतील कनेटिकट राज्यात घेतलेल्या कार्यशाळेत निरीक्षक रात्री दिवसभराच्या नोंदींची चर्चा करीत. काही सहभागी तेथे येऊन बसले, आपल्याविषयीच्या नोंदी ऐकून हरकती घेऊ लागले, आणि त्या वादातूनच शिकण्याची एक नवी रीत हाती लागली. लंडनच्या टॅव्हिस्टॉक या मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या परंपरेतील मनोविश्लेषक विल्फ्रेड बायन यांनी १९६१ च्या ग्रंथात दाखवले की, गट वरकरणी काम करत असतो आणि त्याच वेळी आतून एखाद्या तारणहार नेत्यावर विसंबून राहतो, भांडतो किंवा पळ काढतो. टॅव्हिस्टॉकचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये मागावरील कामगारांच्या गटरचनेवर प्रयोग केला, त्यामुळे हा प्रवाह भारताला फार उशिरा कळला असे नाही. अमेरिकन अभ्यासक क्रिस आर्गिरिस (१९२३–२०१३) यांनी पुढे संस्थांमधील बचावाच्या सवयींचा अभ्यास केला : सर्वांना माहीत असलेली गोष्ट बोलायची नाही, आणि ती बोलत नाही हेही बोलायचे नाही. प्रस्तुत विषयापुरते हे दुसरे मत अधिक पटण्यासारखे आहे. खेळाच्या परंपरेत एकट्याची कामगिरी केंद्रस्थानी राहते. चमूतील दडलेली दुखणी उकलण्याची बहुतेक साधने समूहाच्या अभ्यासातूनच आलेली दिसतात.

माणसांच्या बेबनावामुळे ६५ टक्के नवउद्योग बुडतात, असे या क्षेत्रात सर्रास सांगितले जाते. हा आकडा गॉर्मन व साल्मन या संशोधकांच्या १९८९ च्या पाहणीपर्यंत मागे जातो. ते गुंतवणूकदारांनी आपल्या अपयशी कंपन्यांविषयी दिलेले मत आहे, कंपन्यांची मोजदाद नव्हे. तो जपूनच वापरावा.

काम सहसा सहा महिने ते वर्षभर चालते. आरंभी कोच सहकाऱ्यांशी एकेकट्याने बोलतो, नावे न उघड करता त्यातले सूत्र संस्थापकाला सांगतो, मग साप्ताहिक बैठकीत मागे बसून पाहतो. आर्गिरिस आणि त्यांचे सहकारी डोनल्ड शॉन यांचा दोन रकान्यांचा सराव आजही उपयोगी पडतो : कागदाच्या उजवीकडे प्रत्यक्ष बोललेले, डावीकडे मनात आले पण गिळलेले. समजा, डिचोलीतील एखाद्या काजू कारखान्यात मालकाच्या मुलाने नवा ब्रँड सुरू केला आहे आणि पॅकिंगचे वेळापत्रक त्याच्या हाती दिले आहे. तो सुपरवायझरला म्हणतो, ‘डब्ल्यू २४० (काजूगराची एक प्रत) चा माल शुक्रवारी निघायलाच हवा.’ सुपरवायझर म्हणतो, ‘होय दादा, बघतो.’ डावा रकाना सांगतो : ‘दुपारी थोरले शेट येतील आणि जुन्या गिऱ्हाईकाचा माल आधी काढायला लावतील. मी कोणाचे ऐकू?’ माल अडकतो, ठपका सुपरवायझरवर येतो, तो नोकरी सोडतो. येथे दोष त्याच्या शिस्तीत नाही. बापलेकांनी हुकूम कोणाचा चालणार हे कधी ठरवलेले नाही, आणि तो प्रश्न विचारणे म्हणजे बाबांचा अपमान, असे घरात सगळ्यांनी गृहीत धरले आहे. असा कागद समोर आल्यावर थोरल्यांनाही बोलायला वाट मिळते. पुष्कळदा त्यांनाही सोडायचे असते. कसे सोडावे, हे कोणी विचारलेले नसते.

गोव्यात या कामाला एक कायदेशीर बाजू आहे आणि बाहेरून येणाऱ्या कोचकडून ती हमखास सुटते. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा येथे १८७० पासून लागू झाला. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि अर्धा वाटा प्रत्येकाचा असतो. आयकर कायदा १९६१ च्या कलम ५-अ नुसार नोकरीचे वेतन वगळता व्यवसायाचे, घरभाड्याचे वगैरे उत्पन्न दोघांत समान विभागून कर आकारण्याची तरतूद आली. सक्तीच्या वारसांचा, म्हणजे मुलांसारख्या जवळच्या नातलगांचा, कायद्याने राखीव हिस्साही मृत्युपत्राने सहसा काढून घेता येत नाही. गोमंतकीयाच्या राज्याबाहेरील मालमत्तेच्या वारशालाही हाच कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. तात्पर्य, कंपनीच्या कागदांवर दोन विवाहित भागीदार दिसत असले तरी व्यवहारात चार माणसांचे हितसंबंध गुंतलेले असतात, आणि त्यांतील दोघी, म्हणजे भागीदारांच्या पत्नी, बहुधा बैठकीत नसतात. ‘घरी विचारून सांगतो’ हे वाक्य येथे वेळकाढूपणा समजू नये. भागीदारीच्या अटींविषयी बोलताना जोडीदारांना एकदा तरी सोबत बसवणे हा गोव्यात शिष्टाचाराचा नव्हे, कामाचा भाग ठरतो. वकिलाचे काम कोचने अंगावर घेऊ नये, हे उघडच आहे.

संस्थात्मक पार्श्वभूमी थोडक्यात अशी : आजच्या गोवा चेंबर ऑफ कॉमर्सची पूर्वीची मूळ संस्था १९०८ मध्ये स्थापन झाली, गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट १९९३ मध्ये रायबंदरला सुरू होऊन पुढे साखळीजवळ गेली, बिट्स पिलानीचा झुआरीनगर परिसर २००४ चा. वेर्णे येथे नवउद्योगांना आधार देणारे इन्क्युबेशन केंद्र आहे. राज्याचे स्टार्टअप धोरण २०१७ मध्ये आले. नवउद्योजकांना कोच लाभणे ही बहुधा त्यानंतरचीच गोष्ट असावी. २०२० नंतर इतर शहरांतून येऊन स्थायिक झालेल्या संस्थापकांमुळे ती अधिक दिसू लागली.

भाषेचा प्रश्न दुर्लक्षिला जातो. बैठक इंग्रजीत, कुरबुर कोंकणीत, आणि पेडणे, सत्तरी किंवा फोंड्याच्या घरात अनेकदा वाचनलेखन मराठीत, असा व्यवहार असतो. डावा रकाना इंग्रजीत लिहायला लावला तर तो कोराच राहण्याची शक्यता अधिक. माणूस ज्या भाषेत रागावतो त्याच भाषेत तो भरून घ्यावा.

या व्यवसायाला भारतात कायद्याने परवाना लागत नाही. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कोचिंग महासंघाची एसीसी, पीसीसी व एमसीसी ही प्रमाणपत्रे अनुक्रमे किमान १००, ५०० आणि २,५०० तासांच्या अनुभवावर मिळतात. त्यांवरून सराव कळतो, विवेक कळत नाही. संशोधक थीबूम व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून कोचिंगचा अनुकूल परिणाम नोंदवला. फी गुंतवणूकदार भरत असेल तर त्याला काय कळवायचे आणि काय नाही, हे पहिल्या भेटीपूर्वीच तिघांनी लिहून ठरवावे लागते. झोप उडणे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार अशी लक्षणे दिसल्यास कोचने आपले काम थांबवून संस्थापकाला मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेकडे पाठवावे.