जागल्यांचा कायदा: पार्श्वभूमी

भ्रष्टाचाराची माहिती देणाऱ्या जागल्याला संरक्षण द्यायला हवं, असं सांगून विधी आयोगाने डिसेंबर २००१ मध्येच विधेयकाचा मसुदा केंद्र सरकारच्या हाती दिला होता. तो दप्तरातच राहिला. त्याकडे पुन्हा लक्ष गेलं ते सत्येंद्र दुबे यांच्या खुनानंतर.

दुबे बिहारच्या सिवान जिल्ह्यातले, आयआयटी कानपूरमधून शिकलेले स्थापत्य अभियंता. महामार्ग प्राधिकरणात, झारखंडमधल्या कोडरम्याला, सुवर्ण चतुष्कोन या महामार्ग प्रकल्पाचं काम पाहत होते. मोठे ठेकेदार काम घेतात, छोट्यांना पोटठेक्याने देतात आणि दर्जाची वाट लागते, हे त्यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवलं. पत्रावर सही केली नाही. पण निनावी तक्रारीला केराची टोपली ठरलेली, म्हणून स्वतःची माहिती वेगळ्या कागदावर जोडली आणि ती गुप्त ठेवण्याची विनंती केली. सरकारी शिरस्त्याने तो कागदही पत्रासोबत टेबलामागून टेबल फिरला. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गया स्टेशनवरून रिक्षाने घरी जाताना त्यांना गोळी घालण्यात आली. सीबीआयने हा लुटीचा प्रकार ठरवला, २०१० मध्ये तिघांना जन्मठेप झाली, घरच्यांना ते पटलं नाही. गोळी कशासाठी झाडली यावर वाद होईल. नाव कुठून फुटलं यावर होण्यासारखा नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २००४ मध्ये केंद्राने ठराव काढून अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवल्या. तक्रार बंद पाकिटात द्यायची, नाव-पत्ता आत लिहायचा, पाकिटावर नाही. एवढी साधी गोष्ट, पण ती लिहून ठेवायला एक जीव जावा लागला.

हा ठराव केंद्राच्या कारभारापुरता. महाराष्ट्रात १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाडे इथे सतीश शेट्टी सकाळी फिरायला निघाले असताना मारले गेले. माहिती अधिकारातून ते जमिनींचे व्यवहार उकरून काढत होते. पोलीस संरक्षण मागितलं होतं, मिळालं नव्हतं. वर्षभराने, २५ जानेवारी २०११ ला, मनमाडजवळ इंधनातली भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जाळण्यात आलं. त्यांच्याकडे तर सरकारी अधिकार होता.

जागल्यांना संरक्षण देणारं विधेयक लोकसभेने डिसेंबर २०११ मध्ये आणि राज्यसभेने फेब्रुवारी २०१४ मध्ये मंजूर केलं; मे महिन्यात राष्ट्रपतींची सही झाली. तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, खोटी तक्रार करणाऱ्याला दोन. निनावी तक्रार मात्र इथेही चालत नाही. अर्थात या तरतुदी तूर्त कागदावरच आहेत. कायदा लागू करण्याची अधिसूचना आजवर निघालेली नाही. उलट २०१५ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेसह अनेक विषय त्यातून वगळणारी दुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली. राज्यसभेत ती अडली आणि २०१९ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर संपली.