क्विंटिन हॉग यांची कागदपत्रं : पार्श्वभूमी

क्विंटिन हॉग (१८४५–१९०३) हे लंडनमधले साखरेचे व्यापारी आणि ‘पॉलिटेक्निक’ या शिक्षणसंस्थेचे संस्थापक. त्यांच्याविषयी शोध घेणारे बहुतेक जण सूचीत फक्त त्यांचं नाव शोधतात आणि तिथेच अडकतात. माणूस एकच असला तरी त्याच्या संस्थेची नावं बदलत गेली, आणि कागद त्या-त्या नावाखाली लागले. १८६४ साली लंडनच्या चेअरिंग क्रॉसजवळ हॉग यांनी गरीब मुलांसाठी ‘रॅगेड स्कूल’, म्हणजे मोफत शाळा, काढली. पुढे त्याच कामातून तरुणांसाठी ख्रिस्ती इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १८७८ मध्ये ती लंडनमधल्याच लाँग एकर या रस्त्यावर गेली. १८८२ मध्ये ती ३०९, रीजंट स्ट्रीट इथे आली आणि मग लोक तिला नुसतं ‘पॉलिटेक्निक’ म्हणू लागले. आज ही इमारत वेस्टमिन्स्टर विद्यापीठाकडे आहे आणि संस्थेचं दप्तरही त्याच विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे.

इथे एक घोटाळा हमखास होतो. ‘पॉलिटेक्निक’ हे नाव हॉग यांनी दिलेलं नाही, ते जागेबरोबर आलं. त्याच जागी १८३८ पासून ‘रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशन’ होती. विज्ञानाचे प्रयोग आणि यंत्रं तिकीट लावून दाखवणारी ती संस्था. १८४१ मध्ये तिच्या छतावर रिचर्ड बिअर्ड यांचा फोटो स्टुडिओ सुरू झाला, १८६२ मध्ये ‘पेपर्स घोस्ट’ हा काचेवरच्या प्रतिबिंबातून भूत दाखवण्याचा खेळ इथेच गाजला. ती बंद पडल्यावर हॉग यांनी १५,००० पौंडांना जागा घेतली. म्हणून १८८१ आधीचा ‘पॉलिटेक्निक’चा कागद हाती आला, तर त्याचा हॉग यांच्याशी संबंध जोडू नये. पत्ता तोच असला तरी मालक, हेतू आणि हिशेब सगळं वेगळं. (आपल्याकडे दहावीनंतर मुलं ज्या पॉलिटेक्निकला जातात, त्या शब्दामागे गवंडीकाम, नळकाम, सुतारकाम असं हाताचं शिक्षण उभं राहिलं, त्यात हॉग यांच्या संस्थेचा वाटा मोठा आहे.)

दप्तराचा कस बदलतो तो १८९१ मध्ये. तोवर संस्था मुख्यतः एका माणसाच्या खिशातून चालत होती. ज्याचे पैसे त्याचाच निर्णय, त्यामुळे ठराव, मंजुरी, लेखी कारणं यांची गरज कमी. १८८३ च्या कायद्याने लंडन शहरातल्या जुन्या चर्च-धर्मादायांचा पैसा एकत्र करून लोकोपयोगी कामाकडे वळवण्याची वाट मोकळी झाली. १८९१ मध्ये चॅरिटी कमिशनर्सची, म्हणजे धर्मादाय निधींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाची, योजना लागू झाल्यावर पॉलिटेक्निकला त्यातून कायम निधी मिळू लागला, आणि निधीबरोबर नियामक मंडळ, इतिवृत्तं, तपासलेले हिशेब आले. १८९१ नंतरच्या काळाचा प्रश्न असेल तर इतिवृत्तांपासून सुरुवात करावी.

आधीच्या वर्षांसाठी सगळ्यांत भरवशाचा धागा म्हणजे संस्थेचं मासिक. १८७९ मध्ये ते ‘होम टायडिंग्ज’ म्हणून निघालं, पुढे ‘पॉलिटेक्निक मॅगझिन’ झालं. वर्गांच्या वेळा, फी, क्लबांचे निकाल, सहली, हॉग यांची भाषणं असं सगळं त्यात आहे. १८७९ ते १९६० चे अंक विद्यापीठाने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. छापील मजकुरात शब्द शोधता येतो खरा, पण जुन्या बारीक टाइपात यंत्र अक्षरं चुकीची वाचतं, म्हणून आडनावाची दोन-तीन रूपं टाकून पाहावीत आणि महत्त्वाचा अंक पानोपान चाळावाच. मासिक संस्थेचं होतं, हेही विसरू नये. भांडणं आणि बंद पडलेले वर्ग त्यात सहसा दिसत नाहीत. ते इतिवृत्तात नाहीतर हिशेबाच्या वहीत सापडतात.

हॉग यांच्या मुलीने, एथेल हॉग यांनी, १९०४ मध्ये वडिलांचं चरित्र छापलं. त्यातलं पत्र वापरताना मूळ हस्तलिखित आहे का ते आधी पाहावं. मूळ नसेल तर ‘छापील प्रत’ असं स्पष्ट लिहावं, कारण घरच्या माणसाने निवडलेलं पत्र हे निवडलेलंच असतं.

त्या काळच्या व्यापारी पेढ्यांच्या दप्तरांत पत्रांच्या नकलांच्या वह्या भेटतात, त्या वाचायची रीत निराळी आहे. खास शाईने पत्र लिहायचं, त्यावर वहीचं ओलसर पातळ पान ठेवायचं आणि लोखंडी दाबयंत्रात दाबायचं. अक्षर पानाच्या मागच्या बाजूला उलटं उठतं आणि पातळ कागदातून पुढून सुलटं दिसतं. पान जास्त ओलं राहिलं तर शाई पसरते, कमी ओलं राहिलं तर अक्षर फिकं उमटतं. वाचताना मागे कोरा पांढरा कागद सरकवावा. या वहीत फक्त पाठवलेली पत्रं असतात. आलेली पत्रं वेगळ्या गठ्ठ्यात शोधावी लागतात. गठ्ठ्यांना गंजलेल्या टाचण्या असतील तर त्या स्वतः ओढून काढू नयेत, कागद फाटतो. विषयवार मांडण्याच्या उत्साहात कागदांचा मूळ क्रमही मोडू नये. कोणतं पत्र कोणत्या पावतीशेजारी होतं, यावरूनच पुष्कळदा तारीख ठरते.

पैसा आला कुठून, हे मात्र शाळेच्या दप्तरात पुरेसं कळत नाही. वडील, सर जेम्स वेअर हॉग, ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष राहिलेले. स्वतः क्विंटिन साखरेचे व्यापारी, आणि त्यांचा धंदा ब्रिटिश गियानातल्या (दक्षिण अमेरिकेतला आजचा गयाना देश) डेमेरारा या भागाशी बांधलेला. तिथले उसाचे मळे त्या काळात मुख्यतः भारतातून करारावर नेलेल्या मजुरांच्या कष्टावर चालत. त्या बाजूसाठी लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली वसाहत खात्याची सीओ १११ ही मालिका, म्हणजे ब्रिटिश गियानाचा मूळ पत्रव्यवहार, उघडावी. शाळेच्या हिशेबातली देणगी आणि मळ्यांवरच्या मजुरांची स्थिती एकाच वर्षासाठी समोरासमोर ठेवून वाचल्याशिवाय या परोपकाराचा ताळेबंद पुरा होत नाही.