स्टिरॉइडची गोळी ‘उष्ण’ आणि उसाचा रस

“स्टिरॉइडची गोळी उष्ण पडते, ती चालू असेपर्यंत उसाचा रस, सरबत भरपूर प्या,” हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो पटतोही. गोळीनं काहींना जळजळ होते, चेहरा लाल होतो, घाम येतो. उष्णता वाटणं साहजिकच आहे.

जळजळ टाळायला गोळी खाल्ल्यावर घ्यायची असते. गोडानं मात्र भलतंच होतं. स्टिरॉइडमुळे यकृत जास्त साखर रक्तात सोडतं, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. त्यात रसाची भर.

घरी पडताळता येतं. प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी सकाळी घेतली, की उपाशीपोटीची साखर बरेचदा ठीक येते. चढते ती दुपारनंतर. म्हणून दुपारच्या जेवणानंतर 2 तासांनी ग्लुकोमीटरवर बघा. माझ्या आईची वाढलेली साखर अशीच सापडली.

मिठाचंही तेच. ही गोळी शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते. नडगीवर अंगठा दाबून बघा, खड्डा राहिला तर सूज आहे. आपल्याला शेंगाचटणी सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. आम्ही ती निम्म्या मिठात कुटतो. लोणचं-पापड बंद. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, बिनमिठाचं ताक चालतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम हवंच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हेही डॉक्टरांना विचारून.

साखर वाढलेली दिसली तरी गोळी स्वतःहून बंद करू नका. शरीरानं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. आकडे वहीत लिहा, डॉक्टरांना दाखवा.