वेंगुर्ला इंग्रजांनी वसवलं?

वेंगुर्ला इंग्रजांनी वसवलं, हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की खरंच वाटावं. पण ते साफ चूक. सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांना मिळालं 1812 मध्ये. त्याआधी पावणेदोनशे वर्षं, 1637 च्या सुमारास, इथं डच व्यापारी उतरले होते. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करायला ही जागा मोक्याची होती. डचांच्या वखारीचे पडके अवशेष गावात आजही आहेत (आणि त्यांची दुर्दशा पाहवत नाही).

इंग्रजी अमलात भरभराट झाली, हे मात्र खरं. आंबोली घाटाच्या रस्त्याने बेळगावकडचा कापूस बंदरात येई. पुढे 1888 च्या सुमारास गोव्यातल्या मुरगाव बंदराला रेल्वे पोचली नि माल तिकडे वळला.