प्लास्टिकचं शिक्षण: सांगली-साताऱ्याच्या पोरांचा अर्ज अडतो कुठं?

कुपवाड, मिरजेच्या एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या (साच्यातून वस्तू काढायच्या) कामाला लागायचं तर दहावीनंतर दोन वाटा आहेत. एक, आयटीआयचा ‘प्लास्टिक प्रोसेसिंग ऑपरेटर’ हा एक वर्षाचा ट्रेड. दुसरी, सिपेट या प्लास्टिकचं तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचा तीन वर्षांचा डिप्लोमा: प्लास्टिक टेक्नॉलॉजी (डीपीटी) नाहीतर मोल्ड टेक्नॉलॉजी (डीपीएमटी). ऑपरेटर मशीन चालवतो, डीपीएमटीवाला साचे घडवणाऱ्या टूलरूमकडं वळतो.

‘आधी आयटीआय करू, मग डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात’ हा हिशेब इथं बसत नाही. त्या सवलतीला दोन वर्षांचा ट्रेड लागतो.

सिपेटचं आपल्याला जवळचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला. फॉर्म ऑनलाइन, मग संगणकावर प्रवेश परीक्षा. दहावीची परीक्षा दिलेल्यांनाही अर्ज करता येतो, त्यामुळं निकालाची वाट बघत बसू नका. दरवर्षी कोणी ना कोणी मार्कशीट घेऊन येतं आणि फॉर्म बंद झालेला असतो.

खरी गोची दाखल्यांची. सिपेट केंद्र सरकारची संस्था, म्हणून आरक्षणही केंद्राच्या नियमानं. राज्याचा एसईबीसी (मराठा आरक्षणाचा) दाखला तिथं चालत नाही. ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. सेतूत नुसतं ‘नॉन-क्रीमीलेअर पाहिजे’ म्हणालात, तर राज्याचा नमुना हातात पडेल. समोरचा विचारणार नाही, आपणच ‘केंद्राचा’ म्हणून सांगायचं आणि सही व्हायच्या आधी वाचून घ्यायचं. प्रांत ऑफिसचा दुसरा हेलपाटा वाचतो.

ईडब्ल्यूएसचंही (आर्थिक दुर्बल घटक) तसंच. केंद्राच्या निकषात आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेबरोबर शेतजमिनीचीही अट आहे: पाच एकर किंवा जास्त असेल तर बाद. जिरायती माळरान असलं तरी एकर ते एकरच, ही अट कुणी टेबलाशी बसून लिहिलीय ते कळतंच. शिवाय हा दाखला एका आर्थिक वर्षापुरता. मार्चमध्ये हौसेनं काढून ठेवलेला जूनमध्ये शिळा झालेला असतो. एक एप्रिलनंतरच काढा.

आयटीआयला राज्याचेच दाखले चालतात. तिथं वेगळीच चूक होते: फी भरली, अर्ज निश्चित केला, की लोक निर्धास्त होतात आणि संस्था-ट्रेडचे विकल्प भरायचेच राहतात. विकल्प नाही तर जागा नाही. आणि पहिल्या पसंतीचीच जागा लागली तर त्याच फेरीत प्रवेश घ्यावा लागतो. ‘पुढच्या फेरीत बघू’ म्हटलं की पुढच्या फेऱ्यांतून नाव गेलं.

शेवटचं, नाव. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एवढ्यानं सहसा बिघडत नाही. पण स्पेलिंगमध्ये किंवा वडिलांच्या नावात फरक असेल तर आधार आत्ताच दुरुस्त करून घ्या, फॉर्म भरताना मार्कशीटवरचंच नाव टाका.