जानेवारीतल्या टोमॅटोला वास का नसतो?

मॅडिसनला राहायला आल्यापासून माझं भाजीचं कॅलेंडर पार उलटं झालंय. आपल्याकडे थंडी म्हणजे हुरडा, ओला हरभरा, मटार, लाल गाजरं, भाजी घ्यायचे सगळ्यात चांगले दिवस. इथे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थंडी पडली की बाजारच उठतो. कॅपिटलच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या, इमारतीभोवती १९७२ पासून दर शनिवारी शेतकरी बाजार भरतो, विकणाऱ्याने स्वतः पिकवलेलाच माल आणायचा असा तिथला नियम आहे, पण नोव्हेंबरनंतर त्या फुटपाथवर बर्फ असतो आणि आत एखाद्या हॉलमध्ये छोटासा बाजार, बस.

मला सगळ्यात जास्त आठवण येते टोमॅटोची. ऑगस्टमध्ये देठाजवळ नाक नेलं की तो हिरवा उग्र वास येतो, हाताला लागला की बोटांना राहतो. जानेवारीत दुकानातला टोमॅटो दिसायला लालभडक, पण सुरी घातली की कचकन आवाज, आत पांढरट गाभा, आणि कोशिंबीर केली तर नुसतं आंबट पाणी.

असं का होतं? लांबून येणारा टोमॅटो बऱ्याचदा हिरवा असतानाच तोडतात आणि नंतर इथिलीन वायू देऊन लाल करतात. इथिलीन म्हणजे काही विष नाही, फळ पिकताना स्वतःच तो सोडतं, आपण आंब्याची आढी घालतो तेव्हा गवतात तोच कोंडला जातो. पण आढीतला आंबा चांगला भरलेला असतो आणि त्याला कोणी गारठवत नाही. टोमॅटोला मात्र प्रवासात, दुकानात, आपल्या फ्रीजमध्ये गारवा लागतो आणि खरं नुकसान तिथे होतं.

फ्लोरिडा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हे नीट दाखवलं. पिकलेले टोमॅटो ५ डिग्रीला आठवडाभर ठेवले, मग बाहेर काढले. साखर आणि आंबटपणा जवळपास तसाच होता, पण वास देणारी रसायनं खूप कमी झाली होती आणि बाहेर ठेवूनही पूर्ण परत आली नाहीत, कारण ती रसायनं बनवायला लागणारी जनुकंच थंडीने मंदावली होती. आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासच असतो, सर्दी झाली की कळतंच ना. म्हणून टोमॅटो ओट्यावर ठेवा, फ्रीजमध्ये नको. हिवाळ्यात सार करायचं असेल तर मी सरळ डब्यातले टोमॅटो घेते, ते झाडावर पिकलेले असतात आणि तोडल्यावर लगेच डब्यात जातात.

गंमत म्हणजे तीच थंडी गाजराला गोड करते. पाणी गोठलं तर पेशी फुटतात, म्हणून गाजर, पालक, केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) अशा भाज्या थंडीत पेशींमध्ये साखर साठवतात, साखरेचं पाणी गोठायला जास्त थंडी लागते. बटाटा फ्रीजमध्ये ठेवला की गोडसर होतो आणि तळताना काळा पडतो तेही थंडीमुळेच, तिथे स्टार्चची साखर होते. त्या हॉलमधल्या बाजारात मिळणारी मातीने माखलेली गाजरं मी ऑगस्टच्या गाजरांपेक्षा कधीही आधी उचलेन.

मग पालक तरी हिवाळाभर भरपूर का मिळत नाही? तो पॉलीहाऊसमध्ये जगतो, पण वाढत नाही. मुंबईत २१ डिसेंबरचा दिवस साधारण ११ तासांचा असतो, इथे फक्त ९ तासांचा, त्यात सूर्य दुपारीसुद्धा खालीच. दिवस १० तासांच्या खाली गेला की पानं जवळजवळ थांबतात असा इथल्या शेतकऱ्यांचा हिशोब. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात इथे परत १० तास भरतात, बाहेर बर्फ तसाच असतो, पण आत पालकाला नवीन पान फुटायला लागतं.