साखळीबाहेरचे हस्तांतरण आणि ‘विश्वासाविना’ हा शब्द

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यातल्या मराठी वाचकाला रोकड न हलवता तिच्यावरचा हक्क हलवण्याची कल्पना नवी वाटू नये. दर्शनी आणि मुदती हुंड्यांचे काम तेच होते, आणि १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्यानेही देशी भाषांतील अशा कागदांच्या स्थानिक रिवाजाला हात लावला नाही. मात्र हुंडीचे मोल ती ज्या पेढीवर काढली तिची पत केवढी यावर ठरे, आणि बिटकॉइनच्या २००८ सालच्या मूळ मसुद्याचा रोख ही पेढीच वगळण्यावर होता. अशा व्यवस्थेला इंग्रजीत ‘ट्रस्टलेस’ म्हणतात.

पेढी गेली, पण प्रत्येक व्यवहार सामाईक वहीत, म्हणजे ‘ब्लॉकचेन’ या साखळीत, चढवणे आले, आणि त्या वहीचे पान सरासरी दहा मिनिटांनी उलटते. म्हणून वहीबाहेर थेट देवघेव करण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. खासगी किल्ली, म्हणजे बिटकॉइन खर्च करण्याचा हक्क देणारी गुप्त खूण, आत दडवलेली धातूची नाणी २०११ च्या सुमारास निघाली. पण किल्ली हा शेवटी एक आकडा असल्याने ती दुसऱ्याला दिल्याने देणाऱ्याकडची नाहीशी होत नाही, आणि नाणे घडवणाऱ्याने तिची नक्कल ठेवली नसेल हेही मानूनच चालावे लागे.

पुढचा मार्ग चॅनेलचा. दोघांच्या सह्यांखाली रक्कम एकदाच साखळीवर अडकवायची, नंतर शिलकीचे नवे हिशेब आपसांत सही करून बदलत राहायचे, आणि कोणी जुना हिशेब पुढे केला तर त्याची सगळी रक्कम समोरच्याला मिळायची. यासाठी लागणारी, ठरावीक वेळेआधी रक्कम खर्चू न देणारी मुदतीची कुलपे डिसेंबर २०१५ आणि जुलै २०१६ मधील नियमबदलांनी आली. सही न झालेल्या भागात फेरफार करून व्यवहाराचा ओळखक्रमांक बदलता येण्याची खोड ऑगस्ट २०१७ च्या बदलाने मिटली, पण पाने मोठी करा, वहीबाहेर जाऊ नका, असे म्हणणारा गट त्याआधीच १ ऑगस्टला वेगळे नाणे (बिटकॉइन कॅश) घेऊन निघून गेला. त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. पाने मोठी केली तर वही सांभाळणारे कमी होतील, याचे उत्तर मात्र त्यांच्याकडे मला पटण्याजोगे दिसले नाही.

खरा गुंता ‘ट्रस्टलेस’साठी वापरायच्या मराठी शब्दाचा आहे. ‘विश्वासहीन’ म्हटले की मराठीत बेभरवशाचा असा अर्थ निघतो, आणि ‘विश्वासाविना’ हेही पूर्ण खरे नाही. चॅनेलमध्ये समोरच्यावर भरवसा नको, पण मुदत संपण्याआत त्याची लबाडी पकडण्यासाठी जागे राहावे लागते किंवा कोणाला तरी राखणीला बसवावे लागते. २०१८ पासून चर्चेत आलेल्या स्टेटचेनमध्ये अख्खे नाणेच साखळीबाहेर हात बदलते: किल्लीचा एक वाटा मालकाकडे, दुसरा सेवा देणाऱ्याकडे, आणि हस्तांतरणानंतर सेवेने आपला जुना वाटा पुसायचा. तो पुसला की नाही हे बाहेरून तपासता येत नाही. सेवा आणि जुना मालक संगनमत करतील तर नाणे गेले. एका प्रचलित रचनेत प्रत्येक नव्या मालकाच्या राखीव व्यवहाराची (सेवा बंद पडल्यास नाणे परत मिळवून देणाऱ्या, आधीच सही केलेल्या व्यवहाराची) मुदत आधीच्यापेक्षा अलीकडची ठेवतात, म्हणजे फिरता फिरता नाण्याचे आयुष्य आखूड होते. विश्वास इथे संपत नाही, तो आवळला जातो, एवढेच म्हणणे सुरक्षित.

भारतात बँकांना अशा आभासी चलनांच्या व्यवहारांसाठी सेवा देण्यास मनाई करणारे मध्यवर्ती बँकेचे एप्रिल २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केले. १ एप्रिल २०२२ पासून त्यांच्या विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलैपासून मोबदल्यावर १ टक्का करकपात (टीडीएस) लागू झाली. थेट व्यवहारात, ठरावीक मर्यादेपुढे, ही कपात खरेदीदारानेच करायची असते. कर केंद्राचा असल्याने निपाणीचा खरेदीदार आणि सीमेपलीकडच्या कागलचा खरेदीदार यांच्यात याबाबत फरक नाही, आणि व्यवहार साखळीवर चढला नाही म्हणून सूटही नाही.